शालान्त दाखल्यावरील बट्टा

शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हातीं जो एक छापील कागद पडतो, तो नेमका कोणीं कोणास दिलेला शब्द आहे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. कागद मिळाला, गुण पाहिले, शेजारच्या मुलाचे गुण विचारले, आणि प्रवेशाच्या खटपटीस लागलों, असा आपल्या पांढरपेशा घरांतील दर उन्हाळ्याचा क्रम आहे. परंतु सर्व देशांत शालान्त दाखला एकच असावा, निदान सर्व दाखल्यांचें मोल एक ठरावें, ही सूचना २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणापासून पुन्हां जोरानें पुढें आली आहे. निरनिराळ्या परीक्षा-मंडळांची समतुल्यता ठरविण्याचें काम 'परख' नांवाच्या केंद्रीय संस्थेकडे सोंपविलेलें आहे. तेव्हां हा प्रश्न आतां टाळतां येण्यासारखा राहिलेला नाहीं. त्याची चर्चा होते ती बहुधा अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि टक्केवारी यांच्या भाषेंत. मला तो मुळांत नीतीचा प्रश्न वाटतो, आणि त्याच बाजूनें त्याकडे पाहण्याचा येथें विचार आहे.

सर्वांस एकच परीक्षा ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली आणि दोनच वर्षांनीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. रानडे आणि भांडारकर हे तिच्या पहिल्या तुकडींतले. पुढें तीच 'मॅट्रिक' या नांवानें घरोघर ओळखली जाऊं लागली. सिंधपासून कर्नाटकापर्यंतच्या मुलांस ती एकच होती. १९०१ सालीं नाशिकच्या शाळेंतून विनायक दामोदर सावरकर जी परीक्षा उतरले, तीच कराचीच्या आणि धारवाडच्या विद्यार्थ्यांचीहि होती. तिचा मूळ हेतु मर्यादित होता: विद्यापीठाच्या दारीं आलेल्यास आंत घ्यावें कीं नाहीं, एवढेंच ठरविणें. समाजानें मात्र तिला त्याहून फार मोठा अर्थ दिला. मॅट्रिक झालेला मनुष्य म्हणजे अर्ज लिहूं शकणारा, हिशेब ठेवूं शकणारा, साहेबापुढें न अडखळतां बोलूं शकणारा मनुष्य, अशी लोकांची खूणगांठ होती. लग्नाच्या बाजारांतहि या खुणेस काय भाव येत असे, हें जुन्या कादंबऱ्या वाचणारांस निराळें सांगावयास नको.

१९०७ सालीं भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलांतून मॅट्रिक झाले, तेव्हां त्यांच्या अभिनंदनार्थ सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिलें. त्या परीक्षेंत त्यास ७५० पैकीं २८२ गुण होते. आजच्या हिशेबानें हे अडतीस टक्केहि भरत नाहींत; आज एवढे गुण मिळालेल्या मुलाचे आईबाप पेढे वांटण्याऐवजीं दार लावून बसतील. सभेस जमलेल्या मंडळींनीं तो आंकडा विचारला असेल असें मला वाटत नाहीं. 'मॅट्रिक झाला' या दोन शब्दांत सांगावयाचें तें सर्व सांगून झालें होतें. वर्गांत त्यास इतर मुलांत बसूं दिलें गेलें नव्हतें, संस्कृत शिकूं दिलें गेलें नव्हतें म्हणून फारशी घ्यावी लागली होती. परंतु परीक्षेनें जो शब्द दिला तो रानड्यांस दिला तोच. पुढें १९३० सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं आमच्या नाशिकांत काळाराम मंदिराच्या दाराशीं सत्याग्रह झाला. तें दार वर्षानुवर्षें उघडलें नाहीं. समान परीक्षेच्या बाजूनें जें कांहीं उत्तम बोलतां येईल, तें या दोन दारांकडे पाहून बोलतां येतें. परीक्षा कठोर होती, परकी भाषेंतली होती, पुष्कळ अंशीं पाठांतराची होती. पण तिनें दिलेला दाखला कोणाच्या हातीं आहे हें पाहून त्याची किंमत कमीजास्त करण्याची सोय नव्हती.

मात्र याच उदाहरणांत दुसरीहि एक गोष्ट आहे. परीक्षा एक होती, शाळा एक नव्हती. संस्कृताचा वर्ग ज्यास बंद होता, त्याची संस्कृतांत परीक्षा घेण्याचा प्रश्नच उद्भवला नाहीं. तो विषय त्याच्या पुढून निमूटपणें उचलला गेला. समान मापाचे गोडवे गातांना मापाच्या अलीकडे काय घडून गेलें आहे तें दिसत नाहीं, हा त्या मापाचा स्वभावच आहे.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस्. एस्. सी. नें घेतली. १९६५ च्या कायद्यान्वयें महाराष्ट्राचें परीक्षा-मंडळ झालें, आणि आज त्याचे जे नऊ विभाग आहेत त्यांत एक नाशिकचा असून धुळें, जळगांव व नंदुरबार हे जिल्हे त्याच्याच कक्षेंत येतात. याच सुमारास दुसरा एक प्रवाह वाहूं लागला होता. ज्यांच्या बदल्या आज पंजाबांत तर उद्यां केरळांत होतात, अशा केंद्र सरकारच्या नोकरांच्या मुलांची आबाळ होऊं नये म्हणून १९६२ सालीं केंद्रीय मंडळाची पुनर्रचना झाली. देवळालीचा तोफखाना, ओझरचा विमानांचा कारखाना, नाशिकरोडचे छापखाने यांमुळें अशीं कुटुंबें आमच्याकडे पुष्कळ, आणि त्यांच्या मुलांस अशा मंडळाची खरीच गरज होती. परंतु कालांतरानें असें झालें कीं, ज्यांच्या वडिलांची बदली जन्मांत कधीं गंगापूर रोडच्या पलीकडे व्हावयाची नाहीं, त्यांचीं मुलेंहि त्याच मंडळाच्या शाळांतून भरूं लागलीं. बदलीची सोय प्रतिष्ठेची खूण झाली. २०२५ सालीं तर राज्य शासनानेंच आपल्या शाळांतून केंद्रीय मंडळाच्या धर्तीवरील अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानें आणण्याचें जाहीर केलें. आपल्या नाण्यावर आपलाच विश्वास उरला नाहीं कीं असें होतें.

नाण्याची उपमा मीं सहज घेतली नाहीं. नाशिक जिल्ह्यांत चांदवड येथें होळकरांच्या अमलांत टांकसाळ होती, आणि 'चांदवडी रुपया' हे शब्द जुन्या दप्तरांत वारंवार भेटतात. त्या काळीं प्रत्येक संस्थानाचा, प्रत्येक टांकसाळीचा रुपया वेगळा. चांदी असे सर्वांतच, पण एका गांवचा रुपया दुसऱ्या गांवीं चालवावयाचा म्हणजे सराफाकडे जाऊन बट्टा द्यावा लागे. बट्टा किती, हें सराफ ठरवी. रुपया खरा असूनहि त्याच्या धन्यास तो कमी किंमतीचा म्हणून खालीं मान घालावी लागे, आणि या व्यवहारांत सराफ तेवढा श्रीमंत होई. पुढें १८३५ सालीं कंपनी सरकारनें सर्वत्र एकाच वजनाचा रुपया चालू केला.

आपल्या शालान्त दाखल्यांची आज हीच गत आहे. अकरावीच्या प्रवेशासाठीं निरनिराळ्या मंडळांच्या गुणांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नानें महाराष्ट्र सरकारला कित्येक वर्षें न्यायालयाच्या पायऱ्या झिजवावयास लाविलें. २००८ सालीं 'पर्सेंटाइल' चें सूत्र काढलें, तें उच्च न्यायालयानें रद्द केलें. २००९ सालीं शेंकडा नव्वद जागा राज्य मंडळाच्या मुलांस राखून ठेवल्या, तेंहि टिकलें नाहीं. २०१० सालीं उत्तम गुणांचे पांच विषय धरावे असें ठरलें. तें उच्च न्यायालयानें मोडलें आणि सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां उभें केलें. २०२१ सालीं साथीमुळें दहावीची परीक्षाच झाली नाहीं, राज्य मंडळाचा निकाल ९९.९५ टक्के लागला, तेव्हां अकरावीसाठीं स्वतंत्र सामाईक परीक्षा घेण्याचा घाट घातला गेला. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आधारलेली असल्यामुळें इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांनीं तक्रार केली, आणि तीहि ऑगस्टमध्यें न्यायालयानें रद्द केली. चारहि वेळां सरकारचा हेतु वाईट होता असें मी म्हणणार नाहीं. चारहि वेळां बट्टा कोणावर बसवावयाचा एवढाच वाद होता, आणि ज्याच्यावर तो बसला तो न्यायालयांत गेला. यांत दोन्हीं बाजूंचीं गाऱ्हाणीं खरीं होतीं, हीच या प्रकरणांतील खरी अडचण.

मग टांकसाळी मोडून एकच टांकसाळ कां काढूं नये? सर्व देशास एक प्रश्नपत्रिका, एक दिवस, एक निकाल. सुटसुटीतपणाचा मोह पडलेल्या मनास हा उपाय फार आवडतो. परंतु त्याचा नमुना आपल्यापुढें आहेच. वैद्यकाच्या प्रवेशासाठीं सर्व देशांत 'नीट' ही एकच परीक्षा आहे, आणि ती मराठी धरून तेरा भाषांत घेतली जाते. तिच्यामुळें खासगी महाविद्यालयांच्या मनमानीस पायबंद बसला, हें तिचें श्रेय कोणी नाकारूं नये. पण बारावीच्या वर्गाचें तिनें काय केलें, हें ज्यांनीं कनिष्ठ महाविद्यालयांतील ओस बांकें पाहिलीं आहेत त्यांस ठाऊक आहे. मुलाचें नांव एका संस्थेच्या पटावर आणि मूल दुसरीकडे शिकवणीच्या वर्गांत, हा प्रकार आतां इतका अंगवळणी पडला आहे कीं त्यांत कांहीं खोटेपणा आहे असेंहि कोणास वाटत नाहीं. १६-१७ वर्षांच्या मुलास समाज जो पहिला मोठा धडा देतो, तो हजेरीपटावरील असत्याचा असतो! शिवाय सर्वांचें भवितव्य एका दुपारीं एका कागदावर टांगलें म्हणजे त्या कागदाची चोरी करण्याचें आमिषहि तितकेंच मोठें होतें. २०२४ सालीं पाटणा व हजारीबाग येथें प्रश्नपत्रिका फुटल्याचें सर्वोच्च न्यायालयानें मान्य केलें. सबंध परीक्षा पुन्हां घेण्यास त्यानें नकार दिला, आणि तें योग्यहि असेल. पण दूर महाराष्ट्रांतील ज्या मुलांनीं रात्री जागून अभ्यास केला होता, त्यांच्या मनांत त्या दोन गांवांनीं जी शंका पेरली ती कोणत्या निकालानें उपटली जाणार?

तेव्हां एकच परीक्षा हें उत्तर नव्हे. परंतु म्हणून जो तो प्रांत, जें तें मंडळ आपापल्या पद्धतीनें सुखी असो, असें म्हणून हात झटकणेंहि मला मान्य नाहीं, आणि त्याचें कारण महाराष्ट्राच्याच इतिहासांत आहे. १९१६ सालीं धोंडो केशव कर्व्यांनीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें. शिक्षण मातृभाषेंतून, विषय स्त्रियांस उपयोगी वाटतील ते, पदवीचें नांवहि 'गृहीतागमा' असें देशी. शिक्षण ज्याचें त्याच्या जीवनास धरून असावें, या तत्त्वाचें इतकें शुद्ध उदाहरण विरळा. पण त्या विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळावयास १९५१ साल उजाडावें लागलें. मधल्या पस्तीस वर्षांत ज्या मुली तेथें शिकल्या, त्यांचें ज्ञान खरें होतें, कष्ट खरे होते. सरकारी नोकरीच्या किंवा दुसऱ्या विद्यापीठाच्या दाराशीं मात्र त्यांच्या पदवीवर बट्टा पडत असे. अण्णांची दृष्टि थोर होती याविषयीं दुमत नाहीं. तरीसुद्धां त्या दृष्टीची किंमत अण्णांनीं एकट्यानें दिली नाहीं; त्या मुलींनींहि दिली, आणि त्यांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत.

आतां सुरगाणें किंवा पेठ तालुक्यांतील एखादी मुलगी डोळ्यांपुढें आणा. तिच्या घरीं कोकणा किंवा वारली बोली. शाळेंतील मराठी हीच तिला शिकून घ्यावी लागलेली भाषा, आणि इंग्रजी ही तिसरी. दादासाहेब बिडकरांनीं १९३७ सालीं डांग सेवा मंडळ काढून त्या डोंगराळ भागांत शिक्षणाचें पाऊल नेलें, तेव्हांपासून आश्रमशाळांतून शिकून नाशिकच्या महाविद्यालयांत येणाऱ्या मुलामुलींचा ओघ आटलेला नाहीं. या मुलीचे समाजावर दोन हक्क आहेत असें मी समजतों. पहिला हा कीं, तिनें मिळविलेला दाखला मुंबईंत किंवा दिल्लींत कोणी नाक मुरडून कमी लेखूं नये. दुसरा हा कीं, जें तिला कोणीं कधीं शिकविलेंच नाहीं, त्यावरून तिची योग्यता ठरवूं नये. हे दोन हक्क एकमेकांस सहजासहजीं मिळून जाणारे नाहींत. सर्व राष्ट्राचा एक दाखला केला तर पहिला हक्क रक्षिला जाईल पण दुसरा दुखावेल. स्थानिक दाखला ठेवला तर दुसरा रक्षिला जाईल पण पहिला दुखावेल. या विषयावर जे हिरिरीनें बोलतात, ते बहुधा यांपैकीं एकच हक्क पाहत असतात. राष्ट्रैक्यवाद्यास पहिला दिसतो, प्रांताभिमान्यास दुसरा. मुलीस दोन्हीं हवे आहेत.

या गांठीचा एक पदर सुटण्यासारखा आहे, असें मला वाटतें. आजच्या दाखल्यांत आपण दोन भिन्न गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत. एक पात्रता, दुसरा अनुक्रम. अमुक मूल शाळेंत दहाबारा वर्षें राहून अमुक गोष्टी करूं शकतें, हें सांगणें म्हणजे पात्रता. तें मूल अमुक हजार मुलांच्या पुढें व अमुक हजारांच्या मागें आहे, हें सांगणें म्हणजे अनुक्रम. राष्ट्रास सर्वत्र एक करतां येईल, आणि केली पाहिजे, ती पात्रता. आपल्या भाषेंतील पानभर मजकूर वाचून त्यांतील मुद्दा दुसऱ्यास समजेल असा सांगणें. आपलें म्हणणें सुसंगत लिहिणें. दुसऱ्या एका भाषेंत कामापुरता व्यवहार करणें. व्याज, शेंकडेवारी, क्षेत्रफळ यांत न फसणें. वर्तमानपत्रांतील आलेख पाहून तो काय सांगतो व काय लपवितो हें ओळखणें. आपल्या शरीराविषयीं, आपल्या देशाच्या कायद्याविषयीं किमान माहिती असणें. यांपैकीं एकहि गोष्ट अशी नाहीं कीं जी मराठींत, तामीळांत किंवा संथाळींत सारखीच पारखतां येणार नाहीं. कसोटीचा आशय एक, कसोटीची भाषा व रीत ज्या त्या मंडळाची. आणि एका मंडळाच्या कसोटीची तपासणी दुसऱ्या मंडळानें करावयाची. जर्मनींत शाळा प्रांतांच्या हातीं आहेत. तेथील प्रांत एकमेकांचा शालान्त दाखला मानीत आले आहेत. तरीहि वैद्यकाच्या जागांसाठीं प्रांताप्रांतांचे गुण जसेच्या तसे शेजारीं ठेवणें न्यायाचें नाहीं, असें तेथील घटना-न्यायालयानें २०१७ सालीं ठरविलें. पात्रता मान्य करणें आणि अनुक्रम लावणें या दोन गोष्टी कशा वेगळ्या आहेत, हें त्यावरून दिसून येईल.

नाशिकरोडच्या ज्या छापखान्यांत १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत, तेथील नोट उलटून पाहिली तर तिची एकच किंमत पंधरा भाषांत लिहिलेली आढळते. ज्यास हिंदी-इंग्रजी येत नाहीं त्याच्याहि भाषेंत सरकार आपला शब्द देतें, आणि शब्द सर्वांस तोच. उपमा येथवर चालते. पुढें ती सोडावी लागते. कारण नोट कोणाच्या खिशांत आहे याच्याशीं तिला कर्तव्य नसतें, आणि दाखला तर माणसाविषयींच बोलतो. म्हणूनच दाखल्यावर सही करणाऱ्याची जबाबदारी अधिक. राष्ट्र जर म्हणणार असेल कीं शाळा संपवून निघणाऱ्या प्रत्येकास अमुक इतकें आलें पाहिजे, तर तें यावें अशी शाळा प्रत्येकास देणें हें त्याच वाक्याचें उत्तरार्ध आहे. आपण पूर्वार्ध तेवढा पाठ करतों. डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें १९६६ सालीं दोन मोठ्या गोष्टी सुचविल्या होत्या. एक, दहा-दोन-तीन वर्षांचा सर्व देशास समान आकृतिबंध. दुसरी, गरीबश्रीमंतांचीं मुलें एकत्र शिकतील अशा समान शाळा. आकृतिबंध आपण घेतला. १९७५ सालीं महाराष्ट्रांत त्याप्रमाणें पहिली दहावीची परीक्षा झाली. समान शाळा अहवालांतच राहिल्या. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें शिक्षण केंद्र व राज्य या दोघांच्या सामाईक सूचींत गेलें. त्यामुळें सही करावयास दोघेहि पुढें येतात, आणि शिक्षकाची रिकामी जागा भरावयाची वेळ आली कीं दोघेहि एकमेकांकडे पाहतात.

आमच्याच वर्गाविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून हें पुरें होणार नाहीं. समान दाखल्याची मागणी आपल्या घरांतून होते ती केव्हां? आपल्या मुलाच्या मंडळावर बट्टा पडतो तेव्हां. ज्या वर्षीं आपल्या मंडळाचे गुण सढळ असतात, त्या वर्षीं मंडळांची विविधता आपणांस फार उदात्त वाटते. आणि केवळ पात्रता सांगणारा, अनुक्रम न सांगणारा दाखला उद्यां खरोखरच निघाला, तर त्यास सर्वांत मोठा विरोध सुरगाण्याहून होणार नाहीं, आपल्याच दिवाणखान्यांतून होईल. कारण आपलें मूल शिकलें एवढ्यानें आपलें समाधान होत नसून तें शेजाऱ्याच्या पुढें गेलें हें आपणांस छापील हवें असतें. जागा थोड्या व उमेदवार फार, तेव्हां अनुक्रम लावावाच लागेल, हा युक्तिवाद खरा आहे. ज्या संस्थेस अशी निवड करावयाची असेल तिनें ती आपल्या जबाबदारीवर, आपल्या विषयापुरती करावी. पण तेवढ्यासाठीं, पुढें कधीं वैद्य किंवा यंत्रज्ञ व्हावयाचें नाहीं अशा लाखों मुलांच्या कपाळीं एक आंकडा गोंदून ठेवण्याचें कारण मला दिसत नाहीं. त्यांतील कित्येकांस जन्मभर त्याच आंकड्यानें स्वतःची ओळख पटते. पन्नाशीस आलेले गृहस्थ आपले दहावीचे गुण सांगतांना एकतर छाती काढतात किंवा नजर चुकवितात, हें मीं पुष्कळदां पाहिलें आहे.

प्रारंभ कोठून करावा, असें कोणी विचारील तर मी गणितापासून म्हणेन. त्यांत भाषेचा अडथळा कमी, आणि पंथाभिमान मुळींच नाहीं. नाशिक विभागाच्या कांहीं उत्तरपत्रिका, नांव-गांव झांकून, केरळाच्या किंवा ओरिसाच्या मंडळाकडे जाव्या. त्यांच्या आमच्याकडे याव्या. केंद्रीय मंडळाच्याहि त्यांत असाव्या. काय आढळलें तें दोन्हीं मंडळांनीं लोकांपुढें मांडावें, कमीपणा आला तरी मांडावें. सुरगाण्याच्या ज्या शाळेंत गणिताचा शिक्षक वर्षभर नव्हता, त्या शाळेच्या उत्तरपत्रिकांवर ती गोष्ट मात्र झांकलेली नसावी.